जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा आवाज परत परत का येतो? केस उघडण्याआधी करायच्या तपासण्या

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गाडीने चाळीसचा वेग ओलांडला की पायाखालून घरघर किंवा बारीक कुईं ऐकू येते. ॲक्सिलरेटर सोडला की आवाजाचा पोत बदलतो. मेस्त्री म्हणतो, ट्रान्सफर गेला, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी. केस उतरते, बेअरिंग आणि सील बदलतात, काही महिने बरे जातात आणि तोच आवाज परत. मग गिअर बदलतात. तरी नाही थांबला तर लष्कराने लिलावात काढलेल्या (डिस्पोजलच्या) गाडीतून निघालेली आख्खी केस आणून चढवतात, आणि तीही वर्षभरात ओरडायला लागते.

अशा गाड्यांमध्ये बेअरिंग खरंच खराब झालेली असते, त्याबद्दल वाद नाही. पण ती खराब कशाने झाली हे कुणी शोधलेलं नसतं. मारुती जिप्सीच्या रचनेत ट्रान्सफर केसला त्रास देणाऱ्या चार-पाच गोष्टी केसच्या बाहेर आहेत. त्या तशाच राहिल्या तर आत कितीही चांगला माल घाला, तो टिकणार नाही. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली. ताडोब्याच्या सफारीत राबणाऱ्या, लष्कराच्या लिलावातून आलेल्या आणि सह्याद्रीत पावसाळी भटकंतीला जाणाऱ्या गाड्या अजून आहेत, त्यांना चांगले सुटे भाग मिळवणं मात्र दिवसेंदिवस कठीण होतंय. त्यामुळे असलेली केस उगाच उघडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी रचना समजून घ्या

बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या शेपटीलाच बोल्टने आवळलेली असते. जिप्सीत तसं नाही. इथे गिअरबॉक्स वेगळा आणि ट्रान्सफर केस वेगळी, मध्ये एक आखूड प्रोपेलर शाफ्ट. त्याला दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्या भाषेत क्रॉस. केस स्वतः तीन रबरी माउंटिंगांवर चासीला लटकलेली असते. तिच्यातून एक शाफ्ट पुढच्या डिफरन्शियलकडे (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) आणि एक मागच्याकडे जातो. म्हणजे गाडीखाली एकूण तीन शाफ्ट आणि सहा क्रॉस. यातल्या कुठल्याही एकात ढिलाई आली तरी तिचा आवाज ट्रान्सफर केसच्या जागेवरूनच येतोय असं आत बसलेल्याला वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जिप्सी किंगच्या ट्रान्सफर केसचं हाय रेशो १.४०९ आणि लो रेशो २.२६८ आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला आत येणाऱ्याचे इतके फेरे. हाय म्हणजे सरळ एकास एक नाही. टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, साध्या डांबरी रस्त्यावर जातानासुद्धा इंजिनाची सगळी ताकद इनपुट गिअरवरून काउंटर गिअरवर आणि तिथून आउटपुटच्या हाय गिअरवर, अशी दातांमधूनच जाते. म्हणून निरोगी जिप्सीतही थोडी कुईं असतेच. ती नव्या गाडीतही होती. ज्यांनी आयुष्यभर कार चालवली आणि आता पहिली जिप्सी घेतली, त्यांनी हा आवाज बिघाड समजून केस उघडायला लावू नये. आवाज वाढत चाललाय का, आणि कुठल्या स्थितीत बदलतो, हे दोनच प्रश्न कामाचे.

आणि हो, ट्रान्सफरच्या लिव्हरच्या बुडाशी असलेला रबरी बूट आधी पाहा. लिव्हर थेट केसवर बसवलेला असल्यामुळे तो बूट फाटला की खालचा सगळा आवाज, धूळ आणि गरम हवा केबिनमध्ये येते. काल-परवापर्यंत शांत असलेली गाडी अचानक ओरडायला लागली, असं वाटण्यामागे कधी कधी एवढंच असतं.

आवाज कशाबरोबर वाढतो?

मोकळा, सपाट रस्ता निवडा. पन्नासच्या आसपास तिसरा, चौथा आणि पाचवा गिअर आळीपाळीने लावून बघा. वेग तोच ठेवा, इंजिनाचे फेरे बदलू द्या. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलला तर तो क्लच, गिअरबॉक्सचा पुढचा भाग किंवा इंजिनाचा आहे. चौथ्या गिअरमध्ये कमी आणि बाकी गिअरमध्ये जास्त असेल तर संशय गिअरबॉक्सच्या काउंटरशाफ्टवर घ्या. चौथा गिअर थेट जातो, तेव्हा त्या शाफ्टवर भार नसतो. गिअर कुठलाही असो, आवाज फक्त गाडीच्या वेगाबरोबर चालत असेल, तर तो गिअरबॉक्सच्या मागे आहे: मधला शाफ्ट, ट्रान्सफर केस, पुढचे-मागचे शाफ्ट, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग किंवा टायर.

टायर हे नाव वाचून पुढे जाऊ नका. मड-टेरेन टायर झिजले की डांबरावर जो घोंघावणारा आवाज करतात, तो आणि बेअरिंगची घरघर यांत चांगले जाणकारही फसतात. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो का ते बघा. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरावर आलात आणि आवाज बदलला, तर दोष टायरचा. ट्रान्सफर केसला रस्ता कुठला ते कळत नाही.

आता त्याच वेगात ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, परत दाबा. दाबल्यावर किंवा सोडल्यावर यांपैकी एकाच वेळी येणारी कुईं गिअरच्या दातांची असते, कारण दाताची एक बाजू ओढताना आणि दुसरी बाजू गाडी इंजिनावर रोखली जाताना काम करते. दोन्ही वेळी सारखीच घरघर म्हणजे बहुधा बेअरिंग. दाबता-सोडताना एकच ठक् म्हणजे क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टचे एकमेकांत सरकणारे दातेरी भाग) किंवा माउंटिंग.

हे करत असताना डोळे ट्रान्सफरच्या लिव्हरवर ठेवायला शेजारी बसलेल्याला सांगा. ॲक्सिलरेटर दाबला की लिव्हर एका बाजूला झुकतो आणि सोडला की परत येतो, असं ठळक दिसलं तर केस माउंटिंगवर हलतेय. जिप्सीत एवढी स्वस्त आणि एवढी खात्रीची तपासणी दुसरी नाही.

ट्रान्सफर न्यूट्रलची परीक्षा

जिप्सीच्या ट्रान्सफरला टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल आणि फोर-लो अशा चार जागा आहेत. फोर म्हणजे चारही चाकं ओढतात, लो म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ, न्यूट्रलला ताकद चाकांकडे जातच नाही. न्यूट्रलचा उपयोग निदानासाठी फार कमी लोक करतात.

सपाट जागा बघा. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावा. ही पायरी टाळू नका: ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर टाकून ठेवला तरी गाडी थांबत नाही, थोड्या उतारावरही ती सरळ घरंगळते. उटी लागल्यावर ट्रान्सफर न्यूट्रलला घ्या, इंजिन चालू करा, गिअरबॉक्समध्ये एकेक गिअर टाकत जा आणि क्लच सोडा. गाडी जागेवर, पण गिअरबॉक्स, मधला शाफ्ट, ट्रान्सफरचा इनपुट शाफ्ट आणि काउंटर गिअर फिरतायत. आउटपुट शाफ्ट, दोन्ही लांब शाफ्ट आणि डिफरन्शियल स्थिर आहेत.

इथेच आवाज आला तर शोध अर्ध्यावर येतो. गिअर न्यूट्रलला नेऊन क्लच सोडला तरी आवाज राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूचा आहे. गिअर टाकल्यावरच येत असेल तर मधला शाफ्ट आणि ट्रान्सफरची इनपुट बेअरिंग तपासा. या परीक्षेत आवाज न येणं मात्र केसला क्लीन चिट नाही. भार नसताना झिजलेला काउंटर गिअरही गप्प राहतो, त्यामुळे शांतता ऐकली तर एवढंच समजा की इनपुट बेअरिंग मोठ्या प्रमाणात गेलेली नाही.

पुढची पायरी माती किंवा मुरमाच्या मोकळ्या जागेत. फोर-लोमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सावकाश चालवा. कुईं फक्त हायमध्ये येते आणि लोमध्ये नाही, तर हाय गिअरची जोडी. दोन्हीत येते, तर इनपुट आणि काउंटरची जोडी किंवा बेअरिंग. टू-हायमध्ये शांत आणि फोर-हाय लावल्यावर आवाज, तर पुढचा आउटपुट, पुढचा शाफ्ट किंवा पुढचं डिफरन्शियल. पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सलपासून मोकळं करणारी कळ) बसवलेले असतील तर ते एकदा मोकळे आणि एकदा लॉक करून टू-हायमध्येच फिरवा. हब मोकळे केल्यावर आवाज गेला, तर केसमधल्या मुख्य गिअरना हात लावायचं कारण उरलं नाही, पुढच्या बाजूकडे जा; केसचा पुढचा आउटपुटही त्यातच येतो.

हब नसतील तर पुढचा शाफ्ट सोडून ठेवा आणि टू-हायमध्ये गाडी चालवून बघा. दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) असल्यामुळे शाफ्ट काढला तरी ऑइल सांडत नाही. सोडण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर रंगाने खूण करायला विसरू नका. त्या खुणेचं महत्त्व पुढे सांगतो.

गाडीखाली: माउंटिंग आणि शाफ्ट

माझ्या मते परत परत येणाऱ्या आवाजाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून या भागात घाई करू नका. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. चासीखाली मजबूत घोड्या लावा.

माउंटिंगचं रबर वरून ठीक दिसतं आणि आतून धातूपासून सुटलेलं असतं. केसच्या माउंटिंगच्या दांड्याखाली पहार घालून हलकेच वर उचला, खाली सोडा. तिन्ही ठिकाणी रबराने सारखं दाबलं जायला हवं. एका ठिकाणी फट दिसली किंवा धातूवर धातू वाजला की तिन्ही रबर एकदम बदला. फक्त फाटलेलं एक बदललं तर जुनी दोन मऊ आणि नवं एक कडक, अशी केस तिरकी लटकते. त्या तिरकेपणाचा भार मधल्या आखूड शाफ्टच्या क्रॉसवर येतो. आखूड शाफ्टला कोन सहन होत नाही. लांब शाफ्टमध्ये थोडा फरक पडला तर कोन जरासाच बदलतो, इथे तेवढाच फरक मोठा कोन करतो. तिथून थरथर इनपुट बेअरिंगमध्ये जाते, आणि नवी बेअरिंग महिन्यागणिक घासत राहते.

उतारावर ट्रान्सफर आपोआप न्यूट्रलला पडतो, ही तक्रारही याच रबराशी जोडलेली असू शकते. केस फिरली की लिव्हर फ्लोअरच्या कडेला टेकतो आणि गिअर बाहेर ढकलला जातो. माउंटिंग चांगली असूनही गिअर सुटत असेल, तेव्हाच आतल्या फोर्क, स्लीव्ह आणि लिव्हरच्या रॉडला अडवणाऱ्या गोळी-स्प्रिंगकडे वळा.

मधला शाफ्ट वेगाने फिरतो हेही लक्षात ठेवा. हायमध्ये मागच्या शाफ्टचे १० फेरे होतात तेव्हा मधल्याचे साधारण १४ होतात, लोमध्ये जवळपास २३. म्हणून थोडं असंतुलन मागच्या शाफ्टमध्ये खपून जातं, मधल्यात खपत नाही. क्रॉस तपासताना शाफ्ट हाताने गोल फिरवून बघण्यावर थांबू नका. जॉइंटच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून उलट दिशेने पिळा. किंचितही कट् जाणवलं किंवा क्रॉसच्या टोपीच्या कडेला तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर तो क्रॉस संपला. जिथे ग्रीस निपल असेल तिथे ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत भरा. एका टोपीतून येत नसेल तर तिथे सुई-रोलर कोरडे चालतायत. हळू चालताना वेगाबरोबर जलद होत जाणारी चुईं-चुईं हा त्याचाच आवाज.

आता ती रंगाची खूण. सरकत्या स्प्लाइनवर शाफ्ट दोन तुकड्यांत सुटतो. परत घालताना दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत यायला हवेत. एक दात इकडेतिकडे झाला तरी शाफ्ट बसतो, बोल्ट लागतात, गाडी चालते. पण क्रॉसमुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा होणारी गतीची चढउतार दुसऱ्या टोकाला रद्द होण्याऐवजी शिल्लक राहते. ही थरथर थेट आउटपुट बेअरिंग खाते. ट्रान्सफरचं काम झाल्यावर आवाज कमी न होता वाढला, तर पहिल्यांदा हेच बघा.

उंच केलेल्या गाड्यांत आणखी एक भर पडते. लांब शॅकल (पाट्याला चासीशी जोडणारी पट्टी) किंवा जादा पाटे घालून जिप्सी उचलली की मागच्या पिनियनचा, म्हणजे डिफमध्ये शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचा, कोन बदलतो. केसचा आउटपुट आणि डिफचा पिनियन एकमेकांना समांतर राहिले नाहीत तर काटे रेषेत असूनही थरथर येते. पाट्याखाली योग्य पाचर घालून पिनियनचा कोन सुधारल्याशिवाय अशा गाडीतली नवी आउटपुट बेअरिंग टिकण्याची अपेक्षा धरू नये.

ऑइल

ट्रान्सफर केसमध्ये ऑइल जेमतेम ०.८ लिटर मावतं. एवढ्यात थोडी गळती झाली तरी पातळी बरीच उतरते. सील गळतंय पण थेंबच पडतोय, असं म्हणून सोडून देण्याची मुभा इथे नाही. फ्लँजची सील, काउंटर शाफ्टचं टोक आणि स्पीडोमीटरची केबल जिथे केसमध्ये शिरते ती जागा, तिन्ही पुसून कोरड्या करा आणि दोन दिवसांनी परत बघा.

आधी भरायचा प्लग सोडा, मगच काढायचा. भरायचा प्लग अडकून बसला असेल आणि ऑइल आधीच काढलं असेल तर गाडी तिथेच उभी राहील. गाडी थोडी चालवून गरम असताना, स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळत ऑइल काढा. बोटाला लागणारी राखाडी, बारीक चकाकती पेस्ट ही वर्षांची नेहमीची झीज. नखात धरता येतील असे कण, पापुद्रे किंवा सुई-रोलरचा तुकडा मिळाला तर गाडी आणखी चालवू नका, केस उघडायची वेळ आली आहे.

दुधाच्या चहासारखं ऑइल निघालं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. तापलेली केस थंड पाण्यात उतरते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याचं छोटं तोंड) किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नुसतं ऑइल बदलून भागत नाही. नवं ऑइल घालून थोडं चालवा आणि पुन्हा बदला, आणि ब्रीदरला नळी जोडून ती इंजिनाच्या कप्प्यात वर नेऊन बांधा. ब्रीदर चिखलाने बुजला तर उलटं होतं: आतला दाब वाढतो आणि सील गळायला लागतात. नवी सील परत परत गळत असतील तर आधी ब्रीदर साफ करा.

दर्जा मॅन्युअलमध्ये दिलेलाच वापरा. आवाज दाबायला १४० ग्रेडचं जाड ऑइल भरणं हा विक्रीच्या वेळचा जुना प्रकार आहे. जुनी जिप्सी घेत असाल तर ती थंड असताना ऐकून निर्णय घेऊ नका. अर्धा तास चालवा, ऑइल पातळ होऊ द्या, मग ऐका.

डांबरावर फोर-हाय, आणि चार प्रकारचे टायर

जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-हाय लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक मातीत टायर घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो जायला जागा नसते. शाफ्ट पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं, ठक्-ठक् येते आणि लिव्हर टू-हायला परत येत नाही. तो ओढून काढू नका. थोडं मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर हलका येतो.

पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही साठतो. कापडी टेपने चारही टायरचा घेर, सारखी हवा भरून, मोजा. फोर-व्हील नेहमी वापरायचा असेल तर पुढची आणि मागची जोडी सारख्या घेराचीच हवी.

उघडायचीच वेळ आली तर

काउंटर गिअर शाफ्टवर सुई-रोलरवर फिरतो आणि दोन्ही टोकांना थ्रस्ट वॉशर असतात. बेअरिंगचा संच बदलताना हे वॉशर आणि तो शाफ्ट जुनाच ठेवला जातो, आणि मग आवाज परत येतो. शाफ्टवर नख फिरवा. जिथे रोलर चालतात तिथे खाच लागली तर शाफ्ट बदला, नव्या रोलरना जुन्या खाचेत घालण्यात अर्थ नाही. दातांचं तसंच. एकमेकांत वर्षानुवर्षं घासून जुळलेल्या जोडीतला एक गिअर नवा घातला तर कुईं वाढते. जोडी बदला किंवा, झीज सारखी असेल, दात तुटलेले नसतील, तर जुनी जोडी तशीच ठेवा.

जोडावर लिक्विड गॅस्केट पातळ लावा. आत फुगलेला जास्तीचा थर सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो. फ्लँजचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. हातोडी-छिन्नीने आवळलेला नट ढिला पडला की फ्लँज डुलतो, सील गळतं, आणि चक्र पुन्हा सुरू.

साखळीची ट्रान्सफर केस असलेल्या गाड्यांना यातलं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे साखळी सैल झाली की जोरात ओढताना दातांवरून उडी मारल्यासारखा खडाड् आवाज येतो, आणि ऑइलही बऱ्याचदा वेगळं, पातळ लागतं. जुन्या विलीज घराण्याच्या महिंद्रा जीपमध्ये मात्र गिअरचीच केस आहे, आणि तिथल्या मधल्या गिअरचे सुई-रोलर आणि वॉशर हे जिप्सीच्या काउंटर गिअरसारखेच पहिल्यांदा झिजतात.

काम झाल्यावर पहिले काही दिवस गाडी बेताने चालवा. माउंटिंगचे आणि फ्लँजचे बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, नवं रबर बसताना ते थोडे सैल होतात. त्याच वेळी ऑइलची पातळी बघा, आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडता लिव्हर हलतो का तेही शेजारच्याला पुन्हा एकदा बघायला लावा.